कॉम्पोझिट कीचे प्रॉपर्टी ग्राफ : मेमरीत भरण्याची पद्धत

डेटाबेसमधल्या टेबलांवरून उभारलेला प्रॉपर्टी ग्राफ विश्लेषणासाठी मेमरीत आणताना, ज्या टेबलांत नोंदीची ओळख दोन किंवा अधिक कॉलम मिळून ठरते, त्या नोंदींना ग्राफमध्ये ओळख देण्याची ही पद्धत. नोंद ओळखणाऱ्या कॉलमला की, आणि ती अनेक कॉलमांची असेल तर कॉम्पोझिट की म्हणतात. प्रॉपर्टी ग्राफमध्ये नोड (वस्तू दाखवणारे बिंदू) आणि त्यांना जोडणाऱ्या एज (रेषा) या दोहोंनाही लेबले (प्रकाराची नावे) व गुणधर्म असतात.

सातारा-सांगलीकडील जमिनीच्या नोंदी या प्रकारात चपखल बसतात. नुसते ‘गट क्रमांक 112’ म्हटल्याने जमीन ठरत नाही. गाव, गट आणि हिस्सा एकत्र आले म्हणजेच एक सातबारा उतारा ठरतो. 8अ वरचा खाते क्रमांकही त्या गावापुरताच असतो. त्यामुळे जमिनीच्या नोडची की तीन कॉलमांची, खात्याच्या नोडची दोन कॉलमांची, आणि अमुक खात्याकडे अमुक जमीन आहे हे सांगणाऱ्या एजची की गाव, गट, हिस्सा व खाते अशी चार कॉलमांची होते. त्या खात्याच्या वाट्याचे क्षेत्र हा एजचा गुणधर्म.

गावाचे नाव की म्हणून चालत नाही. कराड तालुक्यात वडगाव हवेली आहे, तर खटाव तालुक्यात वडगाव जयराम स्वामी. दप्तरात दोन्ही ठिकाणी नुसते ‘वडगाव’ लिहिलेले असू शकते. तालुका व जिल्हा जोडून वेगळेपण येते, पण तेही टिकाऊ नाही. 1949 मध्ये साताऱ्यातून वेगळा झालेला दक्षिण सातारा जिल्हा 1960 पासून सांगली म्हणून ओळखला जातो आणि कडेगाव तालुका पुढे खानापुरातून वेगळा झाला. जमिनींच्या एकत्रीकरणाच्या 1947 च्या कायद्यानुसार ज्या गावांत योजना राबवली गेली, तेथे जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट क्रमांक आले. म्हणून गावासाठी 2011 च्या जनगणनेतील 6 अंकी गाव-संकेतांकासारखा आकडा घेणे अधिक सुरक्षित.

उगम : प्रॉपर्टी ग्राफ या प्रतिमानाच्या उगमाबद्दल एकमत नाही. एक मत त्याचा धागा 1960 च्या दशकातील चार्ल्स बाखमन यांच्या ‘आयडीएस’ या डेटाबेस प्रणालीपर्यंत आणि तिच्यावरून घडलेल्या डेटा-प्रणालींच्या भाषांवर काम करणाऱ्या ‘कोडासिल’ समितीच्या 1971 च्या अहवालापर्यंत नेते. त्यात नोंदी पॉइंटरने (दुसऱ्या नोंदीच्या जागेचा पत्ता साठवून) जोडलेल्या होत्या, परंतु जोडणीला स्वतःचे गुणधर्म नव्हते. त्यासाठी मध्ये आणखी एक नोंद घालावी लागे. दुसरे मत पीटर चेन यांच्या 1976 च्या एंटिटी-रिलेशनशिप (वस्तू व त्यांचे संबंध मांडणाऱ्या) प्रतिमानाला मान देते. तेथे संबंधालाही गुणधर्म देता येतात, आणि आजच्या एजशी ते अधिक जुळते. तिसऱ्या मतानुसार हे प्रतिमान 2000 नंतरचे, ‘निओफोरजे’ (Neo4j) हा ग्राफ डेटाबेस व ‘टिंकरपॉप’ ही ग्राफ साधने यांच्या घडणीतले आहे. आजचे नाव व रूप या शेवटच्या टप्प्यात रुळले हे खरे. पण कल्पनेचा गाभा चेन यांच्याकडे शोधणेच रास्त दिसते.

कॉम्पोझिट कीचा उगम त्या मानाने स्पष्ट आहे. टेबलांवर आधारलेले रिलेशनल प्रतिमान मांडणाऱ्या एडगर कॉड यांच्या 1970 च्या निबंधातच प्रायमरी की (नोंदीची मुख्य ओळख) एका डोमेनची (ढोबळमानाने एका कॉलमची) किंवा अनेक डोमेन मिळून असू शकते असे मांडले आहे. अर्थ नसलेला, प्रणालीने दिलेला पर्यायी ओळखक्रमांक, म्हणजे सरोगेट, 1976 मध्ये हॉल, ओलेट व टॉड यांनी पुढे आणला आणि कॉड यांनी 1979 च्या विस्तारित प्रतिमानात तो स्वीकारला.

मेमरीतील रचना : विश्लेषण करणारी इंजिने ग्राफ बहुधा सीएसआर (कॉम्प्रेस्ड स्पार्स रो) रचनेत ठेवतात. नोडना 0 पासून सलग क्रमांक असतात. एका ओळीत प्रत्येक नोडच्या एज कोठून सुरू होतात ते, आणि दुसऱ्या ओळीत त्या कोणत्या नोडकडे जातात ते लिहिलेले असते. 10 लाख नोड व 50 लाख एज असतील, तर 8 बाइटांच्या सुरुवाती व 4 बाइटांची टोके धरून हा सांगाडा सुमारे 28 मेगाबाइटांत मावतो. उलट दिशेची प्रत ठेवली तर साधारण दुप्पट. या सांगाड्यात तीन कॉलमांच्या कीला जागाच नाही; तिचे आधी एका आकड्यात रूपांतर व्हावे लागते. साधनांच्या अपेक्षाही वेगवेगळ्या आहेत : ‘नेटवर्कएक्स’ला नोड म्हणून टपल (क्रमाने लावलेल्या मूल्यांचा गट) चालतो, ‘आयग्राफ’ला सलग आकडे लागतात, ‘ग्राफफ्रेम्स’ला आयडी नावाचा एकच कॉलम हवा असतो.

रूपांतराचे मार्ग : सर्वांत प्रचलित मार्ग म्हणजे कॉलम एकापुढे एक चिकटवून एक मजकूर करणे. तो धोक्याचा आहे. गट 12 हिस्सा 3 आणि गट 1 हिस्सा 23, दोन्हींचे ‘123’ होते, आणि दोन वेगळ्या शेतकऱ्यांची जमीन ग्राफमध्ये एकच नोड बनते. मध्ये तिरकी रेघ घातली तरी भागत नाही, कारण हिस्साच ‘2/अ’ असा लिहिला जातो. हॅश करावा (म्हणजे सूत्राने कीचा ठराविक लांबीचा आकडा बनवावा), तर 32 बिटांच्या हॅशमध्ये सुमारे 77 हजार नोंदींतच कुठेतरी टक्कर, म्हणजे दोन वेगळ्या कीना एकच आकडा, होण्याची शक्यता निम्म्यावर पोहोचते. 64 बिटांत ती फारच कमी होते. पण मालकीच्या नोंदींत ‘फारच कमी’ पुरेसे मानू नये.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे कॉलम शेवटपर्यंत वेगळे ठेवणे. प्रत्येक नोड-टेबलाची की क्रमाने लावून सलग क्रमांक द्यावेत, ती जोडणी वेगळ्या टेबलात जपावी आणि एज भरताना सर्व कॉलमांवर जॉइन (दोन टेबलांतील नोंदींची जुळणी) करून दोन्ही टोकांचे क्रमांक घ्यावेत. उत्तर परत दाखवताना हेच टेबल गाव, गट, हिस्सा सांगते. यासाठी एक जॉइन जास्त लागतो. त्या बदल्यात चुकीची जोडणी होण्याचे एक मोठे कारण दूर होते.

जॉइनमध्येही खाचखळगे आहेत. पोटहिस्सा नसलेल्या गटाचा हिस्सा रिकामा असतो. एका टेबलात तो 0, दुसऱ्यात आडवी रेघ, तिसऱ्यात नल (मूल्य नसल्याची खूण) असेल, तर जुळणी होत नाही. नल तर एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत दुसऱ्या नलशीही जुळत नाही, आणि ऑरेकल डेटाबेसमध्ये रिकामा मजकूर नलच धरला जातो. ‘१२’ व ‘12’ हे मजकूर म्हणून वेगळे, ‘2’ व ‘02’ हेही वेगळे. भरण्यापूर्वी दोन्ही बाजू एकाच नियमाने साफ करणे अटळ आहे. टोक न सापडलेल्या एज गुपचूप गाळणारे साधन असेल, तर आधीची व नंतरची मोजणी ताडून पाहावी. गळलेली प्रत्येक एज म्हणजे कोणाचा तरी जमिनीवरचा हक्क आहे.

मानके : एसक्यूएलचा प्रॉपर्टी ग्राफविषयीचा भाग 16 हा 2023 मध्ये, तर ग्राफला प्रश्न विचारण्याच्या स्वतंत्र ‘जीक्यूएल’ भाषेचे आयएसओ मानक 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्यात नोड-टेबलाच्या कीमध्ये अनेक कॉलम देता येतात, आणि एजच्या दोन्ही टोकांचे कॉलम संदर्भित कॉलमांशी क्रमाने जोडले जातात. हा क्रम महत्त्वाचा. एका बाजूला ‘गाव, गट, हिस्सा’ आणि दुसऱ्या बाजूला ‘गाव, हिस्सा, गट’ लिहिले गेले व तिन्ही कॉलम आकड्यांचे असले, तर प्रणाली तक्रार करत नाही. गट 12 हिस्सा 3 ची एज गट 3 हिस्सा 12 कडे जाते. तशी जमीन गावात असेल तर ग्राफ बिनचूक भासतो.

ताजेपणा : मेमरीतला ग्राफ हा भरला त्या क्षणाचा असतो. फेरफार मंजूर झाल्यावर खाते बदलते, पोटहिस्से पडतात, म्हणजे कीच बदलते. जुन्या जमिनीचा सलग क्रमांक नव्या हिश्श्याला पुन्हा देऊ नये. नवा क्रमांक द्यावा आणि जुन्या नोडपासून नव्यांकडे ‘विभागणी’ची एज ठेवावी.