घरचं बोअर: गाडी बोलावण्याआधी हे वाचा

महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून जास्त भाग काळ्या पाषाणाचा आहे. अखंड पाषाणात पाणी नसतं. ते असतं वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि लाव्हाचे दोन थर मिळतात त्या सांध्यात. म्हणून शेजाऱ्याला १८० फुटांवर लागलं तर तुम्हालाही तिथेच लागेल असं नाही. 'जितकं खोल तितकं पाणी' हा समज तर उगाच खर्चात पाडतो. खाली भेगा सहसा कमी होत जातात. आमचा दर फुटावर असला तरी बराच वेळ नुसती कोरडी भुकटी उडत राहिली, तर आम्ही गाडी थांबवून तुम्हाला विचारतो. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटर किंवा त्याहून खोल विहीर (बोअरही) ही 'खोल विहीर' धरली आहे आणि तिच्यावर बंधनं आहेत.

पाणाड्याला जागा दाखवायची असेल तर तुमची इच्छा. पण सोबत भूवैज्ञानिकाकडून रेझिस्टिव्हिटी सर्वेक्षणही (जमिनीत वीज सोडून खालच्या थरांचा अंदाज घेणं) करून घ्या. शौचालयाच्या टाकीपासून किमान ५० फूट अंतर ठेवा.

केसिंगमध्ये काटकसर नको

बोअर बिघडण्याचं आम्हाला सर्वाधिक दिसणारं कारण म्हणजे अपुरं केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून वरच्या भागात बसवलेला पाइप. मुरूम संपून पक्का खडक लागला की त्यातही काही फूट केसिंग रुतायला हवं आणि बाहेरची फट सिमेंटने बंद व्हायला हवी. तसं न केल्यास पावसाळ्यात गढूळ पाणी फटीतून थेट आत उतरतं, माती ढासळते, पंप अडकतो. मग तो वर काढताना तुटला, तर सगळं बोअरच जातं. वीस फूट पाइप वाचवून हे ओढवून घेऊ नका.

गाडी सुरू असताना उडणारं पाणी कॉम्प्रेसरच्या हवेने वर येतं, त्यावरून पंप ठरवू नका. काही तास पंप चालवून पातळी किती उतरते आणि किती वेळात भरते ते मोजू, मग अश्वशक्ती ठरवू. काम संपल्यावर आम्ही एक कागद देतो: केसिंग किती, पाणी कुठल्या फुटावर, एकूण खोली, पंप कुठे सोडला. तो घराच्या कागदपत्रांत जपा. पुढच्या मिस्त्रीला तो लागतोच.

नंतरची निगा

पंपाला ड्राय-रन संरक्षण, म्हणजे पाणी संपताच तो आपोआप बंद करणारी सोय, हवंच. उन्हाळ्यात सलग उपसा करू नका, टप्प्याटप्प्याने टाकी भरा. पाणी कमी झालं तर लगेच नवं बोअर नको, आधी फ्लशिंग (हवेच्या दाबाने आतला गाळ बाहेर काढणं) करून पाहा. पिण्यासाठी वापरत असाल तर वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, पाणी तपासा. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर ते पिऊ नका. उकळून ते जात नाही.

हजार चौरस फूट छतावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ९,३०० लिटर पाणी जमतं. ते गाळून बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडा. अंगणातलं किंवा रस्त्यावरचं पाणी मात्र बोअरमध्ये कधीच सोडू नका.

कोरडं गेलं तर

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निर्देशांनुसार बोअर घेण्याच्या किमान १५ दिवस आधी संबंधित अधिकाऱ्यांना लेखी सूचना द्यावी लागते आणि सोडून दिलेलं बोअर तळापासून जमिनीपर्यंत बुजवावं लागतं. तोंडावर दगड किंवा गोणपाट ठेवून भागत नाही, त्यात मुलं पडतात. चालू बोअरला लोखंडी झाकण वेल्डिंग करून किंवा बोल्टने पक्कं बसवल्याशिवाय, आणि कोरडं गेलेलं बुजवल्याशिवाय आमची गाडी जागेवरून हलत नाही.