नाडीचा वेग : ताप, आजार आणि व्यायाम

हृदय आकुंचन पावले की रक्ताचा लोट धमन्यांत शिरतो आणि त्यांची भिंत क्षणभर फुगते. बोटाला जाणवणारा हा ठोका म्हणजे नाडी. निवांत बसलेल्या प्रौढाची नाडी मिनिटाला साधारण ६० ते १०० पडते. नवजात बाळाची १२० ते १६०, तर सराव असलेल्या धावपटूची ४० ते ६०ही असू शकते. म्हणून निरोगी असताना आपली नाडी किती पडते, हे प्रत्येकाने माहीत करून घ्यावे. आजारपणात तुलना त्याच आकड्याशी करायची असते.

माणसाला पाच मिनिटे बसवून मनगटावर अंगठ्याच्या मुळाखाली तीन बोटे हलकी टेकवावीत. फार दाबल्यास नाडी बुजते. स्वतःचा अंगठा वापरू नये, कारण त्याचीच नाडी मोजली जाण्याचा धोका असतो. ३० सेकंदांचे ठोके दुप्पट करावेत. ठोके अनियमित असतील तर पूर्ण मिनिट मोजावे.

तापात हृदयातील ठोके निर्माण करणाऱ्या पेशी उष्णतेमुळे जलद काम करतात, शिवाय शरीराची ऑक्सिजनची गरजही वाढते. ढोबळ हिशेब असा, की दर १ अंश फॅरनहाइटला सुमारे १० ठोके वाढतात. एरवी ७२ नाडी असलेल्याला १०२.४ ताप असेल, तर ती ११०च्या आसपास अपेक्षित असते. खरी माहिती मिळते ती हा हिशेब चुकतो तेव्हा. एवढ्या तापात नाडी ८५च असेल तर विषमज्वराची शंका येते, मात्र निदान रक्ततपासणीनेच होते. १४० असेल तर शरीरातले पाणी कमी झाले आहे का, रक्तस्राव होतो आहे का किंवा जंतुसंसर्ग रक्तात पसरला आहे का, हे तातडीने पाहावे लागते. डेंग्यूत तर ताप उतरण्याच्या सुमारासच जास्त सावध राहावे लागते. अंग गार पडत असताना नाडी बारीक व जलद होऊ लागली, तर रक्तातील द्रव रक्तवाहिन्यांबाहेर झिरपत असण्याची शक्यता असते. ‘ताप गेला, आता बरे वाटेल’ म्हणून थांबू नये. रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यावे.

ताप नसताना नाडी सतत जलद राहण्यामागे रक्तक्षय किंवा थायरॉइडचा अतिस्राव असू शकतो. थायरॉइडचा स्राव कमी असणे, हृदयातील विद्युत्संदेशांत अडथळा आणि शरीर फार गारठणे यांमुळे ती मंदावते. मंद नाडीसोबत चक्कर किंवा बेशुद्धी आल्यास डॉक्टरांना दाखवण्यात दिरंगाई करू नये.

व्यायाम सुरू होताच हृदयाचा वेग आवरून धरणाऱ्या व्हेगस चेतातंतूचा लगाम सैल होतो, म्हणून पहिले काही ठोके लगेच वाढतात. पुढची वाढ ॲड्रेनलिन व तत्सम स्रावांमुळे होते. कमाल वेगासाठी २२० वजा वय हे सूत्र वापरतात. पन्नाशीच्या माणसासाठी ते १७० येते, आणि भरभर चालण्यासारख्या मध्यम व्यायामात त्याच्या ५० ते ७० टक्के, म्हणजे ८५ ते ११९ ठोके पुरतात. प्रत्यक्ष कमाल वेग या सूत्रापेक्षा १०-१२ ठोक्यांनी सहज कमीजास्त असतो. रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल, अटेनोलोल यांसारखी औषधे घेणाऱ्यांना तर ते लागूच पडत नाही, कारण ही औषधे नाडी दाबून ठेवतात. तो आकडा गाठण्यासाठी त्यांनी जोर लावू नये. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, एवढाच दम त्यांनी प्रमाण मानावा.