खरखरीत अक्षरांचा खोका : विशेष मुलांच्या वाचनसाहित्याची पार्श्वभूमी

विशेष शाळेतलं साहित्याचं कपाट उघडलं की बहुतेक वेळा एक खोका निघतोच. जाड पुठ्ठ्याचे चौकोन आणि त्यांवर पॉलिश पेपर कापून चिकटवलेली अक्षरं. मूल ‘ग’वरून दोन बोटं फिरवतं, तोंडाने ‘ग’ म्हणतं, पुन्हा फिरवतं. डोळ्यांनी निसटणारं अक्षर बोटांना सापडतं. नाशिकमधल्या बाईंनी रात्री जागून केलेल्या या खोक्यामागे सव्वादोनशे वर्षांचा इतिहास आहे.

१८०० साली फ्रान्समध्ये आव्हेरोंच्या रानात वाढलेला एक मुलगा लोकांच्या हाती लागला. व्हिक्टर हे नाव त्याला पुढे मिळालं. झां इतार या तरुण डॉक्टरने त्याला शिकवायला घेतलं आणि सुटी अक्षरं त्याच्या हातात दिली. व्हिक्टर फारसं बोलायला कधीच शिकला नाही, पण दूध हवं असलं की ‘दूध’ या फ्रेंच शब्दाची चार अक्षरं नीट मांडून दाखवू लागला. वाचायला शिकण्याआधी नीट बोलता आलंच पाहिजे, हा समज आजही पुष्कळ घरांत आहे. तो इतक्या जुन्या काळी ढिला झाला होता. इतारचा शिष्य एदुआर सेगँ याने बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी स्पर्शाने आणि हालचालीने शिकण्याची पद्धत बांधली.

इतार आणि सेगँ यांचं लेखन इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरींनी बारकाईने वाचलं. रोममध्ये ज्या मुलांना ‘शिकू शकणार नाहीत’ म्हणून बाजूला ठेवलं होतं, त्यांना त्यांनी बोटाने गिरवायच्या लाकडी अक्षरांवर शिकवलं. त्यांतली काही मुलं साध्या शाळेतल्या मुलांबरोबर परीक्षेला बसून उत्तीर्ण झाली. त्यानंतर १९०७ मध्ये त्यांनी रोममध्ये पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा उघडली. तिथे लाकडाच्या जागी खरखरीत कागदाची अक्षरं आली आणि ते साहित्य सगळ्या मुलांचं झालं. हा क्रम मी पालकांना मुद्दाम सांगते. महागड्या बालवाड्यांत जे लाकडी साहित्य मांडलेलं दिसतं, ते आधी आपल्या विशेष मुलांसाठी तयार झालं होतं.

आपल्याकडेही पंतोजींच्या शाळेत पोरं धूळपाटीवर अक्षर गिरवत. बोटाखाली माती सरकायची आणि अक्षर अंगात मुरायचं. पाटी-पेन्सिल आली, मग वही आली, धूळपाटी गेली. विशेष शिक्षकांनी मात्र ती रव्याच्या ताटाच्या रूपात टिकवली.

माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या, महायुद्धामुळे अडकल्या आणि १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. त्याआधीच भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ही पद्धत आपल्या मातीत रुजवायला घेतली होती. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. पुढे १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हेच साहित्य मानलं. मराठी विशेष शाळांना हा वारसा फार मोलाचा ठरला. पैसे नसताना काय करायचं, हा प्रश्न कोसबाडने आधीच सोडवून ठेवला होता.

नाशिकमध्ये १९७७ साली रजनीताई लिमये यांनी प्रबोधिनी ही बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची शाळा सुरू केली. त्या स्वतः शिक्षिका आणि विशेष मुलाची आई. अशा शाळांच्या सुरुवातीच्या काळात बाजारात विकत घेण्याजोगं मराठी साहित्य जवळजवळ नव्हतंच. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, जुनी कॅलेंडरं, चिंचोके, बाटल्यांची झाकणं यांतून वाचनाचा तास उभा राहायचा.

या साहित्याच्या इतिहासातला खरा अवघड भाग आपल्या लिपीचा आहे. परदेशातून येणारी शब्दपत्रं आणि सरावपुस्तकं इंग्रजी वाचनासाठी रचलेली असतात. मराठी मुलाची अडचण वेगळीच. ‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते आणि ऐकू येते नंतर. ‘सूर्य’मधला र उच्चारात य-च्या आधी, कागदावर त्याच्या डोक्यावर. ‘चक्र’मध्ये तोच र खाली, ‘ट्रक’मध्ये आणखी वेगळा. भ-म, घ-ध, थ-य, ब-व या जोड्या तर रोजच्याच. मराठी शाळेत ‘ग म भ न’ असा क्रम रूढ झाला, कारण त्यांची वळणं जवळची आणि लिहायला सोयीची. पण अक्षरांत गोंधळणाऱ्या मुलापुढे म आणि भ शेजारी ठेवणं मला चुकीचं वाटतं. एक पक्कं होऊ द्यावं, दुसरं बऱ्याच दिवसांनी आणावं. ब्रेल शिकणाऱ्या मुलांना ही वेलांटीची अडचण नाही. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये स्वर उच्चाराच्या क्रमाने, व्यंजनानंतरच येतो.

आधी सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग जोडाक्षरं या चढणीवर विशेष मूल वर्षानुवर्षं अडकतं आणि अर्थाचा एक शब्दही त्याच्या वाट्याला येत नाही. त्यावर अक्षरगटांचा उपाय निघाला. फक्त म, क, ल, न आणि काना घ्या. मामा, काका, नाना, नाक, कान, काम, मका, लाल असे आठ शब्द पहिल्याच टप्प्यात हाती येतात. प्रत्येकाचं चित्र काढता येतं किंवा खरी वस्तू, खरं माणूस दाखवता येतं. ज्या मुलाला ‘मामा’ वाचता आलं, ते पुढच्या गटासाठी स्वतःहून बसतं.

बुद्धी चांगली असूनही वाचन न जमणाऱ्या मुलांची नोंद वेगळ्या वाटेने आली. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरने चौदा वर्षांच्या अशा मुलाबद्दल लिहिलं. पुढे अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी डोळा, कान आणि हात एकत्र वापरणारी पायरीपायरीची पद्धत दिली. महाराष्ट्राने १९९६ मध्ये अशा, म्हणजे अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. देशाच्या अपंगत्वविषयक कायद्यात मात्र १९९५ च्या यादीत ही मुलं नव्हती. २०१६ च्या कायद्याने अक्षमतांचे २१ प्रकार मोजले, तेव्हा ती आली. सवलत मिळाली, प्रमाणपत्र मिळालं, पण मराठीतून वाचायला शिकवणारं साहित्य त्या वेगाने आलं नाही.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या मुलांसाठी व्यवहारातलं वाचन ही स्वतंत्र शाखा झाली. सिकंदराबादला १९८४ मध्ये बौद्धिक अक्षमतेसाठीची राष्ट्रीय संस्था स्थापन झाल्यावर तिच्या प्रशिक्षणातून ती देशभर पोचली. इथे अक्षरं सुटी करत नाहीत, अख्खा शब्द चित्रासारखा ओळखायला शिकवतात. धोका, थांबा, बंद, ढकला, ओढा, महिला, पुरुष. नाशिकच्या मुलाला यात निमाणी, सीबीएस, सातपूर, नाशिकरोड ही बसच्या पाटीवरची नावं हवीच. बसवरची पाटी वाचून योग्य गाडीत चढता आलं, तर ते एकटं कामाला जाऊ शकतं. म्हणून ही शब्दपत्रं शहरागणिक वेगळी करावी लागतात आणि पाटीवर असतो त्याच रंगात, त्याच वळणाच्या अक्षरात लिहावी लागतात.

सगळ्यांत मोठी उणीव सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या पुस्तकांची आहे. त्यांचं वाचन पहिलीतलं, मन मात्र तरुण. त्यांच्या हाती अजून ससा-कासवच पडतो. जोडाक्षरं टाळून, मोठ्या टायपात, एका पानावर दोन-तीन ओळी अशा बेताने पगार, मोबाईल, मैत्री, क्रिकेट, स्वयंपाक यांवरची पुस्तकं मराठीत लिहिली गेली पाहिजेत. आज ती शिक्षक झेरॉक्सच्या कागदांवर स्वतःच तयार करतात आणि शेजारच्या शाळेला मागितली तर आनंदाने देतात.