फिल्टर धुवा, पण सगळा एकाच दिवशी नको

40 लिटरच्या रीफ टाकीत, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, चिमूटभर खाद्य जास्त पडलं, तरी त्याचा परिणाम दोन दिवसांत पाण्याच्या चाचणीत दिसतो. मोठ्या टाकीत तीच चूक खपून जाते. इथे मात्र घाण कुजायच्या आत बाहेर काढावीच लागते.

सुरुवात फिल्टर फ्लॉसपासून. कापसासारख्या या थरात उरलेलं खाद्य, विष्ठा, शेवाळाचे तुकडे अडकतात. पण अडकलेली घाण अजून पाण्यातच असते. ती कुजली की त्यातून अमोनिया आणि फॉस्फेट सुटतं, अमोनियाचं पुढे नायट्रेट होतं. फ्लॉस तपकिरी होऊन तुंबला, की पाणी त्याच्या कडेने वाट काढतं. वरून बघणाऱ्याला तो जागेवर दिसतो, काम मात्र थांबलेलं असतं. दर 3 दिवसांनी नवा घाला. धुऊन परत वापरण्यात काही हशील नाही.

प्रोटीन स्किमरला, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसातून घाण वरच्या कपात गोळा करणाऱ्या यंत्राला, जास्त लक्ष लागतं. प्रथिनांच्या रेणूचा काही भाग पाण्याकडे ओढ घेतो, काही पाणी टाळतो. म्हणून ते बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, त्यामुळे फेस चांगला धरतो. आता कपाचा गळा पाहा. आतून बोट फिरवलं तर तपकिरी, तेलकट थर हाताला लागतो. फेस त्याला टेकला की फुटतो आणि कपात पोचण्याआधीच खाली बसतो. कप अर्धा रिकामा असला तरी गळा आठवड्यातून दोनदा पुसाच. बुडबुडे अचानक कमी झाले, तर पंपाला दोष देण्याआधी हवेच्या नळीचं तोंड तपासा. तिथे मिठाची खपली धरते. नळीतून थोडं कोमट गोडं पाणी जाऊ दिलं की ती विरघळते. पंपाचा इम्पेलर (आतला फिरणारा पंखा) दर 3 महिन्यांनी निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी यात तासभर बुडवून ठेवा. कॅल्शियम कार्बोनेटचा थर सुटला की स्वच्छ पाण्याने खळबळून घ्या.

खरा फिल्टर म्हणजे लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणूंची वसाहत असलेला सच्छिद्र दगड, आणि त्याला घासायचं नसतं. वरच्या थरातले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. आत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू बनवतात. जिवाणूंना राहायला ठेवलेल्या सिरॅमिक रिंगा असतील, तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने हलवून घ्या. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन ही वसाहत मारतं. रिंगा, वाळू, दगड एकाच दिवशी चकाचक केले, की अमोनिया वाढतो, आणि रीफ टाकीच्या 8.2 पीएचला त्याचा विषारी भाग 7 पीएचच्या गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. एका आठवड्यात एकच भाग साफ करा.

टाकीबाहेरचा बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर असेल तर वीज जाण्याची धास्ती घ्यायलाच हवी. प्रवाह थांबला की आतला ऑक्सिजन जिवाणूच संपवून टाकतात. डब्याला कुजक्या अंड्याचा वास आला, तर ते पाणी टाकीत सोडू नका. ओतून द्या, मगच पंप सुरू करा.

आठवड्याला 10 टक्के, म्हणजे 4 लिटर पाणी बदला. आरओ-डीआय (गाळून क्षार काढून टाकलेल्या) पाण्यात लिटरमागे साधारण 35 ते 38 ग्रॅम रीफ सॉल्ट लागतं. मीठ पाण्यात घालायचं. मिठावर पाणी ओतलं तर क्षार एका जागी दाट होऊन पांढरा साका बसतो, आणि तो पुन्हा विरघळत नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायच्या उपकरणावर) विशिष्ट गुरुत्व 1.025 ते 1.026 आलं आणि तापमान टाकीइतकं झालं, की पाणी घाला. रोज उडून जाणाऱ्या पाण्याची भर मात्र बिनमिठाच्या आरओ पाण्यानेच करा, कारण मीठ टाकीतच राहतं. 1 लिटर उडालं, तरी क्षारता (खारेपणा) दर हजारी 35 वरून जवळजवळ 36 वर जाते.

पाण्यातला रंग आणि वास शोषणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन 3-4 आठवड्यांनी बदला. घालण्याआधी त्याची काळी भुकटी आरओ पाण्यात धुऊन काढा.

नायट्रेट 2 ते 10 पीपीएम (दहा लाखात भाग) आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम राहू द्या. दोन्ही शून्यावर गेली, तर कोरल फिकट पडतात आणि वाळूवर डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा तपकिरी, चिकट, बुडबुडे धरलेला थर पसरू शकतो. अशा वेळी फॉस्फेट शोषणारं जीएफओ (लोहाच्या ऑक्साइडचे दाणे) सगळ्यात आधी बाहेर काढा.