यरुशलेमची वर्गणी

प्रेषित पौलाने इ.स. पहिल्या शतकाच्या मध्यास मासेदोनिया (उत्तर ग्रीस), अखया (दक्षिण ग्रीस) आणि आशिया मायनरमधल्या मंडळ्यांकडून, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदायांकडून, यरुशलेममधल्या गरीब ख्रिस्ती लोकांसाठी उभारलेला निधी. देणारे बहुतांशी यहुदीतर, घेणारे यहुदी, आणि दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही. देण्याविषयी नव्या करारात सर्वांत विस्ताराने जे लिहिले गेले, ते या निधीच्या निमित्ताने. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचे ८ आणि ९ हे दोन्ही अध्याय त्यालाच वाहिलेले आहेत. ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’ हे अर्पणाच्या वेळी मराठी मंडळ्यांत नेहमी ऐकू येणारे वचन तिथलेच. उपदेशात अशी वचने सुटी सुटी येतात आणि पैसा कोणी दिला, कोणाच्या हातून गेला, हिशेब कसा राखला, हा सारा व्यवहार मागे पडतो. त्यागाने देणे म्हणजे पौलाला नेमके काय अभिप्रेत होते, ते मात्र या व्यवहारातच सर्वांत स्पष्ट दिसते.

यरुशलेमची मंडळी सुरुवातीपासून ओढगस्तीत होती. घरे-जमिनी विकून आलेला पैसा प्रेषितांच्या चरणी ठेवला जाई आणि ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वाटला जाई, असे नव्या करारातले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक सांगते. कुप्र (सायप्रस) बेटाचा लेवी बर्णबा याने आपले शेत विकल्याची नोंदही तिथे आहे. पण विकलेले शेत पुन्हा पिकत नाही. गालीलातून आलेले कोळी आणि शेतकरी आपला धंदा मागे सोडून आले होते, आणि रोजच्या वाटपात आपल्या विधवांची आबाळ होते अशी ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांची तक्रार लवकरच पुढे आली. त्यात सम्राट क्लौद्याच्या कारकिर्दीत (४१–५४) यहुदीयात दुष्काळ पडला. मेसोपोटेमियातल्या अदियाबेने या राज्याची राणी हेलेना हिने त्या वेळी अलेक्झांड्रियातून धान्य आणि सायप्रसमधून सुकी अंजिरे आणवून वाटली, असे इतिहासकार योसेफस लिहितो. सिरियातल्या अंत्युखियाच्या मंडळीनेही बर्णबा आणि पौल यांच्या हाती मदत पाठवली. दुसऱ्या गावच्या विश्वासणाऱ्यांनी केलेल्या मदतीची नव्या करारातली ही पहिली नोंद.

पुढे इ.स. ४८–४९ च्या सुमारास यरुशलेममध्ये तिथल्या मंडळीचे पुढारी याकोब, पेत्र आणि योहान यांनी पौल व बर्णबा यांच्याशी हातमिळवणी केली. यहुदीतरांमध्ये सुवार्तेचे काम पौलाने करावे असे ठरले, आणि गरिबांची आठवण ठेवा एवढेच त्यांनी सांगितले. तेच करायला आपण उत्सुक होतो, असे पौल गलतीकरांस पत्रात लिहितो. ही गोष्ट त्याने हलक्यावारी घेतली नाही. पुढची बरीच वर्षे त्याने या कामात घातली आणि शेवटी त्यापायी स्वतःचे स्वातंत्र्यही गमावले.

गोळा करण्याची पद्धत त्याने करिंथकरांस पहिल्या पत्रात (सुमारे ५४) सांगितली आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे, म्हणजे मी आल्यावर धावपळ करून वर्गणी गोळा करावी लागणार नाही. गलतीयाच्या मंडळ्यांनाही त्याने हेच सांगितले होते. मजूर, गुलाम, लहान कारागीर अशा लोकांना एका वेळी मोठी रक्कम देणे कधीच जमले नसते. आठवड्याला थोडे थोडे जमत होते. रोमी जगात दानशूर म्हणजे नगरातला धनिक. तो स्नानगृह किंवा नाट्यगृह बांधी आणि त्याचे नाव शिलालेखावर कोरले जाई. इथे ज्याच्याजवळ पुरेसे खायलाही नव्हते त्यालाही दाता होता आले, आणि पौलाच्या पत्रांत कोणाच्या नावापुढे रक्कम लिहिलेली नाही. यहुदी परंपरेत मंदिरासाठी दरवर्षी अर्धा शेकेल पाठवण्याची सोय होती आणि दूरदूरच्या वस्त्यांमधून तो पैसा यरुशलेमला जाई. पौलासमोर तो नमुना असणार. पण मंदिराचा कर ठरलेला होता. पौलाने रक्कम ठरवून दिली नाही. दशांशाचा, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याचा, उल्लेखही तो या संदर्भात कुठेच करत नाही. आज अनेक मंडळ्यांत दशांश हीच देण्याची कसोटी मानली जाते, त्यामुळे हे लक्षात ठेवायला हवे. त्याची कसोटी ज्याच्याजवळ जे आहे त्यावरून ठरते, नाही त्यावरून नाही.

करिंथमध्ये काम अडले. हे नगर रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केले होते आणि जूलियस सीझरने इ.स.पू. ४४ मध्ये ते पुन्हा वसवले. दोन बंदरांमुळे तिथे व्यापार जोरात होता आणि नवश्रीमंतांची चलती होती. मंडळीतही ती दरी उतरली होती. प्रभुभोजनाच्या वेळी काही जण आधीच खाऊन-पिऊन तृप्त होत आणि काही उपाशी राहत, यावरून पौलाने त्यांना खडसावले आहे. पौल राहुट्या शिवण्याच्या कामावर पोट भरी आणि करिंथकरांकडून स्वतःसाठी काही घेत नसे. यानेही ते दुखावले. मानाचा आश्रयदाता होण्याची संधी त्यांना नाकारली गेली होती. शिवाय हा स्वतः घेत नाही, पण वर्गणीच्या नावाने दुसऱ्यांकरवी आपल्याला लुबाडतो, असा संशयही होता. दुसऱ्या पत्राच्या १२ व्या अध्यायात तो त्याला थेट उत्तर देतो. वर्षभरापूर्वी उत्साहाने सुरू झालेली वर्गणी अशी रखडली.

त्या वेळी पौल मासेदोनियात होता आणि तिथे उलट चित्र होते. फिलिप्पै, थेस्सलनीका, बिरुया इथल्या मंडळ्या छळ सोसत होत्या आणि पराकोटीच्या दारिद्र्यात होत्या. बहुधा त्यांची ओढाताण पाहूनच पौलाने त्यांच्याकडे मागितले नसावे, कारण तो लिहितो की या सेवेत आम्हालाही भाग द्या अशी त्यांनीच आपली विनवणी केली. ऐपतीप्रमाणे त्यांनी दिलेच, आणि ऐपतीपलीकडेही दिले. पैसा देण्याआधी त्यांनी स्वतःला प्रभूला वाहून दिले होते, ही पौलाच्या लेखी मुख्य गोष्ट. करिंथकरांपुढे तो हे उदाहरण ठेवतो आणि लगेच सांगतो की ही आज्ञा नाही. आज्ञेऐवजी तो ख्रिस्ताकडे बोट दाखवतो. तो धनवान असता तुमच्यासाठी दरिद्री झाला, यासाठी की त्याच्या दारिद्र्याने तुम्ही धनवान व्हावे. ख्रिस्ती त्यागाचा पाया या एका वाक्यात आहे. देणारा देवाला काही मिळवून देत नाही, आणि देवाकडून काही विकतही घेत नाही. जे त्याला आधीच मिळाले आहे, तेच तो पुढे करतो.

पुढचा मुद्दा आपल्याकडे फार कमी बोलला जातो, आणि मला तो या प्रकरणातला सर्वांत मोलाचा वाटतो. दुसऱ्यांना आराम मिळावा आणि तुम्ही ओझ्याखाली यावे असा माझा हेतू नाही, समता असावी असा आहे, असे पौल म्हणतो. आज तुमची विपुलता त्यांची उणीव भरून काढील, उद्या त्यांची तुमची. आधारासाठी तो निर्गम १६ मधला मान्ना, म्हणजे देवाने रानात इस्राएल लोकांना पुरवलेले अन्न, घेतो: ज्याने पुष्कळ गोळा केला त्याला जास्त झाला नाही, ज्याने थोडा गोळा केला त्याला कमी पडला नाही. इथे देणाऱ्याने स्वतःला कंगाल करून घेण्याचे कौतुक नाही. त्याग आहे, पण तो कोणाचीच चूल थंड राहू नये यासाठी आहे, आणि देणारा कायमचा वर, घेणारा कायमचा खाली असेही नाही.

‘जो हात राखून पेरतो तो त्याच मानाने कापणी करील’ हे ९ व्या अध्यायातले वचन आज सर्वाधिक वापरले जाते आणि सर्वाधिक वाकवलेही जाते. इतके द्या, देव दसपटीने परत करील, असे सांगून गरीब माणसाच्या खिशातली शेवटची नोट काढून घेणारा उपदेश त्यावर उभा राहिला आहे. पौलाचा संदर्भ वाचला की तो टिकत नाही. दोन-चार ओळींतच तो नीतिमत्त्वाच्या पिकाविषयी बोलतो, आणि संपन्नता मिळते ती अधिक उदारपणे देता यावे म्हणून, असे सांगतो. शिवाय हा पैसा पौलाच्या पदरात पडणारच नव्हता.

त्यासाठी त्याने काळजीही तितकीच घेतली. करिंथला पौलाचा सहकारी तीत गेला, पण एकटा नाही. त्याच्यासोबत दोन बंधू होते. त्यांतला एक सगळ्या मंडळ्यांत नावाजलेला होता आणि या प्रवासासाठी मंडळ्यांनीच त्याला नेमला होता. एवढ्या मोठ्या रकमेवरून आपल्यावर कोणी ठपका ठेवू नये, आणि केवळ प्रभूच्या नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही व्यवहार चोख असावा, असे कारण पौल देतो. नीयत साफ आहे, मग हिशेब कशाला, असे म्हणणाऱ्या प्रत्येक धार्मिक संस्थेने हे दोन श्लोक (८:२०–२१) वाचावेत.

इ.स. ५७ च्या सुमारास करिंथहून रोमकरांस लिहिताना मासेदोनिया आणि अखयाची वर्गणी तयार असल्याचे तो सांगतो. म्हणजे करिंथकरांनी अखेर दिले. गलतीयाचे नाव तिथे नाही आणि त्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. यहुदीतरांना यहुद्यांच्या आध्यात्मिक ठेव्यात वाटा मिळाला, तेव्हा ऐहिक गोष्टींत त्यांची सेवा करणे हे त्यांचे देणे आहे, अशी त्याची मांडणी आहे. यशया ६० मध्ये राष्ट्रांची संपत्ती यरुशलेमला येते. ते भविष्य त्याच्या मनात होते, असे योहानेस मुंकसारख्या अभ्यासकांनी मांडले. यहुदीयातले विरोधक आपल्या जिवावर उठतील आणि पवित्र जन, म्हणजे यरुशलेमचे ख्रिस्ती लोक, ही भेट कदाचित स्वीकारणारही नाहीत, ही दुहेरी धास्ती त्याने रोमकरांजवळ उघड बोलून दाखवली आणि त्यासाठी प्रार्थना मागितली.

जीव घेण्याचा कट उघड झाल्यामुळे त्याला वाट बदलावी लागली. बिरुयाचा सोपत्र, थेस्सलनीकाचे अरिस्तार्ख आणि सकुंद, दर्बेचा गायस, तीमथ्य, आशियाचे तुखिक आणि त्रफिम असे सोबती प्रवासात होते. ते आपापल्या मंडळ्यांचे प्रतिनिधी असावेत, असे सामान्यतः मानले जाते. यरुशलेममध्ये पौलाने यहुदीतर त्रफिमाला मंदिरात आणले असा गैरसमज होऊन दंगल झाली आणि त्याला अटक झाली. त्यानंतर कैसरियात दोन वर्षे कैद आणि मग रोम. आपण आपल्या लोकांसाठी दानधर्म घेऊन आलो होतो, एवढेच तो सुभेदार फेलिक्सपुढे सांगतो. यरुशलेमच्या मंडळीने निधी घेतला की नाही, याविषयी ‘कृत्ये’ गप्प आहे.

नियमित वर्गणीची सवय मात्र रुजली. रोममध्ये सुमारे १५५ मध्ये ख्रिस्ती लेखक जस्टिन लिहितो की रविवारच्या उपासनेनंतर ऐपत आणि इच्छा असलेले देतात आणि जमलेले अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परदेशी यांच्यासाठी वापरले जाते. सुमारे १९७ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन महिन्यातून एकदा, कोणतीही सक्ती न करता, पेटीत टाकलेल्या दानाविषयी सांगतो. त्यातून गरिबांचे दफन होई, आणि खाणींत वा बेटांवर शिक्षा भोगणाऱ्यांनाही मदत जाई. चौथ्या शतकात प्रसिद्ध उपदेशक योहान क्रिसोस्तोमने पौलाची तीच सूचना घरात नेली: जिथे प्रार्थनेला उभे राहता तिथेच गरिबांसाठी एक पेटी ठेवा आणि आधी तीत काही टाका, मग प्रार्थना करा.

भारतात या घरगुती वळणाचे सर्वांत ठळक रूप मिझोराममध्ये आहे. तिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत १९१० पासून ‘बुहफाइ थाम’ चालते. स्वयंपाकाला बसताना गृहिणी मूठभर तांदूळ वेगळे काढते, मंडळीच्या स्त्रिया ते गोळा करतात आणि विक्रीतून आलेला पैसा मंडळीच्या कामासाठी जातो. महाराष्ट्रातल्या अनेक मंडळ्यांत कापणीच्या सणाला कुटुंबे धान्य, भाजी, फळे, कोंबड्या वेदीपुढे आणतात आणि उपासनेनंतर आवारातच त्यांचा लिलाव होतो. रोख पैसा हाती नसलेल्यालाही त्यात आपला वाटा घालता येतो.