गळाला लागलेली माणसं

शिमग्याला गिरगावच्या चाळीत काय किंवा वरळी कोळीवाड्यात काय, होळीभोवती बोंब मारायची, एरवी तोंडातून न निघणारे शब्द काढायचे, ही मुभा जुनी. पण बोंब कोण मारतोय हे अख्ख्या वाडीला ठाऊक असायचं. धुळवड आटोपली की बोंब मारणारा आणि ती ऐकणारा पुन्हा एकाच नळावर.

ट्रोलिंगला, म्हणजे इंटरनेटवर कुणाला मुद्दाम डिवचण्याला, ना ओळख, ना मुदत. शब्दाचं मूळ मासेमारीत आहे: चालत्या होडीमागे आमिषाचा गळ ओढत न्यायचा. ट्रॉलरची जाळी वेगळी, गफलत नको. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचावरचे मुरलेले लोक मुद्दाम बाळबोध प्रश्न टाकत आणि कोण नवखा गळाला लागतो ते पाहत. तेव्हा ती खोडी होती. मुंबईत सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगम या सरकारी कंपनीकडून.

माणूस असा का वागतो, याचं पहिलं उत्तर इंटरनेटआधीचं आहे. १९६९मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो यांनी काही विद्यार्थिनींचे चेहरे टोप्यांखाली झाकले आणि त्यांना दुसऱ्या व्यक्तीला विजेचे झटके द्यायला सांगितलं. झटके खोटे होते, हे त्यांना माहीत नव्हतं. नावाची पट्टी लावलेल्या मुलींपेक्षा झाकलेल्या मुलींनी बटण जवळपास दुप्पट वेळ दाबून धरलं.

२००४मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी हेच पडद्यामागच्या माणसाला लावून पाहिलं. ऑनलाइन भीड का चेपते? नाव नाही, चेहरा नाही, उत्तर लगेच येत नाही. त्यांचं एक निरीक्षण मला सर्वांत पटतं: वाचताना समोरच्याचा आवाज आपल्याच डोक्यात, आपणच लावलेल्या सुरात वाजतो. मग आपण भांडतो ते बऱ्याच अंशी स्वतःशीच.

पण सगळा दोष मुखवट्याचा नाही. दक्षिण कोरियाने २००७मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर खऱ्या ओळखीची सक्ती केली. पण तिने बेकायदा मजकूर फारसा घटला नाही, असं म्हणत २०१२मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ती रद्द केली. २०१४मध्ये कॅनडातल्या संशोधकांना ट्रोलिंगची आवड आणि दुसऱ्याच्या दुःखात सुख मानण्याची वृत्ती यांचं घट्ट नातं दिसलं. ‘ट्रोल म्हणजे विकृत’ हे समीकरण सोयीचं, कारण त्यातून आपण सुटतो.

२०१७मध्ये स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल या अमेरिकी विद्यापीठांच्या संशोधकांनी ती सोय काढून घेतली. सोपी चाचणी दिलेल्या आणि आधीच्या साध्या प्रतिक्रिया वाचलेल्या लोकांनी लिहिलेल्या प्रतिक्रियांतलं ३५ टक्के ट्रोलिंग निघालं. अवघड चाचणीने वैतागलेल्या आणि आधीच्या कुजकट प्रतिक्रिया वाचलेल्यांचं ६८. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून ‘जरा सरकून घ्या’ एवढंच बोललेला गृहस्थ भाईंदर येईतो मोबाइलवर कुणाला काय सुनावतो, कोण जाणे. त्याच संशोधकांनी सीएनएनच्या बातम्यांच्या संकेतस्थळावरच्या वाचकांच्या प्रतिक्रियाही तपासल्या होत्या: ट्रोलिंग सकाळी सर्वांत कमी, रात्र चढेल तसं वाढतं, आणि सोमवारी जास्त.