घरगुती जाळ्यातील पत्तावाटप आणि पत्ता-रूपांतर

घरातल्या फोन, टीव्ही, कॅमेऱ्यांना आयपी पत्ते (जाळ्यातील प्रत्येक उपकरणाचा ओळख-क्रमांक) वाटणे म्हणजे डीएचसीपी, आणि त्या सर्वांची इंटरनेटवरची ये-जा बाहेरच्या एकाच पत्त्यावरून चालवणे म्हणजे नॅट. ही दोन्ही कामे घरचा राउटरच करतो. आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ते सुमारे ४२९ कोटी; त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. नॅट १९९४ साली मांडले गेले ते तात्पुरती सोय म्हणून. ती अजून हटलेली नाही.

आतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक संदेशावरचा खाजगी पत्ता आणि पोर्ट क्रमांक (एकाच पत्त्यावरची वेगवेगळी संभाषणे ओळखणारा आकडा) राउटर बदलतो व त्याची नोंद ठेवतो. उत्तर आले की नोंद पाहून ते योग्य फोनकडे जाते. बाहेरून आगंतुक काही आले, तर नोंद नसल्याने ते सहसा तिथेच अडते.

डीएचसीपीचा पत्ता मुदतीचा असतो. पाहुणा परत गेला तरी मुदत सरेपर्यंत त्याच्या फोनचा पत्ता अडकूनच राहतो. वाटपाची मर्यादा १९२.१६८.१.१०० ते १४९ अशी ठेवली तर पत्ते ५०च. गणपतीला चाकरमानी घरी आले, किंवा तारकर्ली-गुहागरकडच्या घरगुती निवासात रोज नवी मंडळी उतरू लागली, की ते पुरत नाहीत. मग वाय-फाय जोडलेले दिसते, पण नेट चालत नाही. अशा घरी मर्यादा वाढवावी आणि मुदत दोन-तीन तासांवर आणावी.

खरा घोळ होतो तो दुसऱ्या राउटरपाशी. जांभ्याच्या जाड भिंतींमुळे ओटीवरची रेंज मागच्या पडवीपर्यंत पोचत नाही, म्हणून माजघरात आणखी एक राउटर बसतो. पहिल्याकडून आलेली वायर त्याच्या लॅन पोर्टात (घरातली उपकरणे जोडायच्या खाचेत) घालून डीएचसीपी चालूच ठेवले, तर दोघेही पत्ते वाटू लागतात आणि काही फोन भलत्याच दाराकडे, म्हणजे चुकीच्या राउटरकडे, वळतात. वॅन पोर्टात (इंटरनेटची वायर जोडायच्या खाचेत) घातली तर नॅटवर नॅट चढते, आणि ओटीवरच्या फोनला आतला प्रिंटर सापडत नाही. त्यात दोन्हीकडे १९२.१६८.१ हीच मालिका असेल, तर बहुधा काहीच चालत नाही. दुसऱ्याचे डीएचसीपी बंद करून त्याला वाटपाबाहेरचा पत्ता, समजा १९२.१६८.१.२, द्यावा आणि वायर लॅन पोर्टातच घालावी. ॲक्सेस पॉइंटची, म्हणजे पत्ते न वाटता फक्त वाय-फाय पुरवण्याची, सोय असेल तर तीच निवडावी.

आंब्याच्या बागेतील कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) मुंबईहून थेट पाहायचा असेल, तर त्याचा पत्ता राउटरमध्ये आरक्षित करून पोर्ट फॉरवर्डिंग (ठरावीक पोर्ट क्रमांकावर बाहेरून आलेले संदेश त्या पत्त्याकडे वळवणे) लावतात. आरक्षण नसेल तर पावसाळ्यात लाईट जाऊन आल्यावर पत्ता बदलण्याचा संभव असतो, आणि फॉरवर्डिंग जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहते. मात्र आधी राउटरचा बाहेरचा पत्ता तपासावा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीनेही आपल्या बाजूला नॅट लावलेले असते आणि घरची कोणतीही सेटिंग उपयोगी पडत नाही. तेव्हा कंपनीकडून स्थिर सार्वजनिक पत्ता घ्यावा, आयपीव्ही६ (आयपीची सहावी आवृत्ती) वापरावे, किंवा कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालणाऱ्या ॲपवर भागवावे.